सात सूर आणि एक उडी

३ मार्च
दुपारी रियाजाच्या खोलीत जरा पाठ टेकली, तर शेजारच्या खोलीत बाईसाहेबांचा रियाज सुरू. मधली भिंत म्हणजे पुठ्ठाच. आवाज खाली खाली सांडणार, मग गप्प, मग उचकी. शंभर वेळा तेच! कानात कापूस घालून शेवटी कसाबसा डोळा लागला.

सेनापतीच्या एकाच भूमिकेसाठी आम्ही दोघं उमेदवार. तीनशे वर्षांपूर्वीच्या या युरोपातल्या संगीतनाटकात सेनापती बायकांच्या पट्टीत गातो आणि ढाला, खर्जातला आवाज नोकराला. म्हणून एक त्या, आणि एक मी – भरघोस मिशा ठेवून बायकांच्या पट्टीत गाणारा. आत्या अजून लोकांना सांगते, आमचा भाचा बँकेत आहे.

४ मार्च
सुचली! दात घासताना! या गाण्यांचा रिवाज असा, की सुरुवातीचा भाग शेवटी पुन्हा गायचा आणि त्या फेरीत गायकानं पदरची नक्षी भरायची. दुसऱ्याची उचलली तर तोंड दाखवायला जागा नाही. माझी नक्षी सात सूर घरंगळत उतरते, थबकते, आणि एकदम वर उडी घेते. पेस्ट आरशावर उडाली.

९ मार्च
तालमीत आधी बाईसाहेब गायल्या. शेवटच्या फेरीत सात सूर घरंगळले. थबकल्या. उडी! माझी उडी! पाठोपाठ मीही तेच गायलो, दुसरं काय गाणार? वाद्यवाले खाली माना घालून हसत होते. दिग्दर्शक म्हणाले, "दोघांपैकी एकानं ढापलंय." बाईसाहेब नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. काय निगरगट्ट बाई आहे!

१० मार्च
दिग्दर्शकांना एकटं गाठून सांगितलं, बाईंनी भिंतीपलीकडून ऐकून चोरलं, माझ्याकडे तारखेसकट लेखी पुरावा आहे. वाईट वाटलं का? छे. थोडंसं. पंचेचाळिशी उलटली. वरचे सूर हल्ली मेहेरबानी केल्यासारखे लागतात. यानंतर मला सेनापती कोण करणार?

११ मार्च
भूमिका माझी! बाईसाहेबांना काढलं. सामान नेताना दारात भेटल्या. म्हणाल्या, "उडी तुमच्या गळ्यात जास्त छान बसते." टोमणाच असणार.

आत्याला फोन केला. ती म्हणे, बँकेत बढती मिळाली असं सांगते सगळ्यांना.

१२ मार्च
दिग्दर्शकांना तो पुरावा हवाय, व्यवस्थापनाला दाखवायला. चार तारखेचं पान फाडायला घेतलं. त्याच पानाच्या मागच्या बाजूला तीन तारीख.

खाली खाली सांडणार, मग गप्प, मग उचकी.

पान फाडलं नाही. अख्खी वही घेऊन दिग्दर्शकांच्या दाराबाहेर बसलोय. अजून दार वाजवलेलं नाही.