सम्राटाला बसायला कुणी सांगितलं?

स्टेट कॉलेज, ४ नोव्हेंबर १९८४

ती. प्रल्हादकाकांस, लतिकेचा सा. न. वि. वि.

प्रबंधाची तोंडी परीक्षा तोंडावर आली आणि मी पुरती अडकले आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचं चरित्र लिहिणारा बिशप म्हणतो, नायसिया गावी भरलेल्या ख्रिस्ती धर्मसभेत सम्राटासाठी सोन्याची खुर्ची मांडली होती, पण बिशपांनी खूण करेपर्यंत तो बसलाच नाही. आमचे प्रोफेसर म्हणतात, हा बिशप निव्वळ भाट, त्याच्यावर प्रबंध कशाला? उत्तर सापडलं नाही तर चार वर्षं पाण्यात, आणि तिकडे मायदेशी नागपूरला बाबा टपलेलेच आहेत, आता तरी कॉम्प्युटर शिक म्हणायला.

तुमच्या गावच्या मराठी मंडळाचा तुम्ही लिहिलेला अहवाल मिळाला. अध्यक्षांवर काय फुलं उधळलीत! तुम्ही आणि माझा बिशप एकाच शाळेतले दिसता. रागावू नका, लोभ तेवढा चालू ठेवा.

लतिका

ट्रॉय, ९ नोव्हेंबर

चि. लतिकेस, काकाचे अनेक आशीर्वाद.

भाट काय? बरं! आमच्या गणपतीच्या हॉलचं भाडं अध्यक्ष मोहनराव भरतात, त्यामुळे त्यांना बोलायची कुणाची टाप नाही. गेल्या वर्षी महाप्रसादाला ते रांग सोडून सरळ पुढे गेले. मी अहवालात छापलं, अध्यक्ष सर्वांबरोबर रांगेत उभे राहिले! तुझी काकू चिडली, धडधडीत खोटं म्हणाली. यंदा मोहनराव रांगेत, तेही अगदी शेवटी, सगळ्यांना दिसेल असे. छापून आलेला मोठेपणा अंगावरून उतरवणार कसा? आता तुझ्या बिशपाचं तू बघ.

काकू चकल्या पाठवते आहे. वेळेवर जेव, एवढंच मागणं.

काका

स्टेट कॉलेज, २० नोव्हेंबर

ती. काकांस, सा. न. वि. वि.

जिंकले, काका! प्रोफेसरांनी तोच प्रश्न टाकला. मी म्हटलं, खुशामत आहेच, पण ती वाचणार कोण ते पाहा. चरित्र पुरं झालं सम्राट वारल्यावर, गादीवर त्याची मुलं. त्यांना बिशप ऐकवतो आहे, तुमचा बाप आमच्या खुणेशिवाय बसत नसे, आता तुम्हीही बसू नका; तुमच्या मोहनरावांचीच गोष्ट. पुढे शंभरेक वर्षांनी चर्चचे इतिहासकार बिनदिक्कत लिहितात की एका बिशपाने नंतरच्या एका सम्राटाला चर्चच्या दारातच अडवलं आणि तो रडत परतला. प्रोफेसर हसून म्हणाले, हे प्रकरण आधी छापायला पाठव.

बाबांना ट्रंक कॉल लावला. कॉम्प्युटरचं नावही न काढता त्यांनी आईला ओरडून सांगितलं, आपली लतिका डॉक्टर झाली. इतका आनंद मला आजवर झाला नव्हता.

काकूंना नमस्कार. लोभ आता दुप्पट हवा, पदवीच तशी आहे.

तुमची,
डॉ. लतिका