बिनतिखट लाल रस्सा

बुधवार, कार्तिक वद्य, सन १९४५

फौजेच्या इस्पितळातून हे परवा घरी आले. पोटाच्या दुखण्यामुळं डॉक्टरनं तिखट बंद केलंय, पण यांनी ते सांगितलं फक्त सासूबाईंना नि मला. मामंजींना सांगायचं कसं? तिखट सोसत नाही तो गडी कसला, असं ते जन्मभर म्हणत आलेत.

आज मटण होतं. सासूबाईंनी नेहमीच्या जहाल संकेश्वरी मिरचीला हातच लावला नाही. रंगाला गडद पण तिखटाला सौम्य ब्याडगी घेतली, तिचं बी न् बी झाडून टाकलं, चवीपुरते धणे घातले. रस्सा रोजच्यासारखाच लालभडक! मी चाखला, तर जीभ जरासुद्धा पोळली नाही. काय हात आहे या बाईंचा!

तरी पंगत बसली तेव्हा माझी नजर मामंजींच्या वाटीवरच. मामंजींनी तो लाल रस्सा भुरकला, थांबले, सासूबाईंकडं पाहिलं. आता बोलणार, असंच वाटलं मला.

त्यांनी खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि आपलं कोरडं ठणठणीत कपाळ पुसलं. "लय झणझणीत केलंयस गं आज. पाणी दे." मग निवांत रस्सा भुरकणाऱ्या यांच्याकडं वळून म्हणाले, "पोरा, माझ्यापरीस तूच खरा गडी हायस रं."