साठ आकडे

नीलमताई, तुले अन् आईले स्वप्निलचा मनापासून जय भीम.

बोटीवर आलेले नागपूरचे पाहुणे हे पत्र घेऊन येतीन. आईले वाचून दाखव.

आई, मालदीवात मी मजेत आहो. रोज पाहुण्यांले समुद्राखाली नेऊन कासवं दाखवतो. मोर्शीत मी श्वास रोखून विहिरीतून लोकांच्या बुडालेल्या बादल्या काढत होतो ना, तीच सवय इथं नडली. पाठीवर हवेची टाकी असूनही पहिल्या दिवशी श्वास रोखला. शिकवणारा भडकला, "फुफ्फुस फाटते अशानं!" आता बराबर जमते. पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे, हरवायची भीतीच नाही. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे?

ताई, येथून पुढचं मनातच वाच. माझा करार मार्चमध्येच संपला. पासपोर्ट मागितला की मालक म्हणते, "सीझन होऊ दे." चार महिने झाले, मले बोटीवरून किनाऱ्यावरही उतरू देत नाही.

मी विहिरीत बुडी मारली की तू काठावर बसून आकडे मोजत होती. साठ झाले अन् मी वर नाही आलो, तर बाबाले आवाज द्यायचा, असं आपलं ठरलं होतं.

ताई, साठ कधीचेच होऊन गेले.

तुझा भाऊ,
स्वप्निल