मंजूर म्हणण्याआधी

आबा, परवा आमच्या गल्लीत दवाखान्याची सभा झाली. तिथून घरी आले, चहा टाकला, तो उतू गेला, आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. आज शाळेला सुट्टी आहे, म्हटलं कागदावरच काय ते भांडून घ्यावं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काय मास्तरीणबाई, बापाला शिकवाय लागलीस व्हय?" शिकवत नाही हो. शिकवण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं आहे असं मलाच आता वाटत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, गावाकडच्या रानाचे वाटे झाले, मी कोल्हापुरात नोकरी करून म्हातारपणाकडं निघाले, आणि भांडण मात्र जिथं होतं तिथंच आहे. दवाखान्याचे पैसे कुणी द्यायचे?

आमच्या गल्लीच्या तोंडाला पालिकेचा एक छोटा दवाखाना आहे. दोन खोल्या, एक डॉक्टर, एक नर्सबाई, आणि बाहेर बाकावर सकाळपासून माणसं. पालिकेला आता हे फुकटचं परवडत नाही म्हणे. नवीन योजना अशी, की दवाखाना एका संस्थेकडं चालवायला द्यायचा आणि केसपेपर, इंजेक्शन, मलमपट्टी सगळ्याला पैसे लावायचे. महिनाभर दूधकट्ट्यावर दुसरा विषय नाही. एकजण म्हणतो, फुकट मिळतंय म्हणून लोक उगाच गर्दी करतात. दुसरा म्हणतो, आम्ही कर भरतो ते काय रस्त्यातले खड्डे बघायला? तिसरा म्हणतो, ज्याला झेपतंय त्यानं द्यावं, गरिबाला सोडावं. या तिसऱ्याचं बोलणं ऐकलं आणि मी दूध घेऊन निघालेली परत वळले. ते तुमचं वाक्य होतं, आबा. शब्द वेगळे, पण वाक्य तुमचंच.

मी तेव्हा सातवीत होते. सभा मारुतीच्या देवळापुढं, आणि कर्णा मात्र बांधलेला आपल्या घरामागच्या परड्यातल्या चिंचेवर, कारण जवळपास तेवढं उंच झाड तेच. तुम्हीच तो तिथं बांधायला लावला होता. "वडगावच्या बाजारात ऐकू गेलं पायजे," असं म्हणून स्वतः खाली उभं राहून वरच्या पोराला शिव्या देत होता. त्यामुळं देवळापुढं मांडी घालून बसलेल्यांपेक्षा सभा आम्हालाच जास्त स्पष्ट ऐकू येत होती. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे, मी पाट्यावर खर्डा वाटते आहे, डोळ्यांतून पाणी येतं आहे, आणि छपरावरून पंचायत समितीच्या साहेबांचा आवाज येतो आहे. गावानं इमारत बांधून द्यायची, डॉक्टर, नर्स आणि औषधं सरकार देणार. एवढं म्हणून साहेब थांबले आणि जो गोंधळ उठला, तो ऐकून आई म्हणाली, "झालं, आता जेवाय उशीर."

"दवाखाना सरकारचं काम हाय! शेतसारा कशापायी भरतोय आमी?" हा वरच्या आळीतला आवाज. "घरटी वर्गणी घ्या, सगळी सारखी!" हा दुसरा. मग खरखर झाली, माईक कुणीतरी ओढून घेतला, आणि आई हसली. तिला तुमचा श्वाससुद्धा ओळखू यायचा. तुम्ही म्हणाला, "घरटी सारखी कशी रं? ज्याच्या रानात ऊस हाय, त्याच्या उसाच्या बिलातनं कापा की! ज्याला रानच न्हाय, त्यो काय कापून देनार? बोट?" मोठा हशा झाला. मग तुम्ही हळू आवाजात म्हणाला, "माझं पोरगं गाडीत गेलं. वाटंतच गेलं. कुनाचं बी जाऊ ने." चुलीपुढं आईची भाकरी करपली. माझ्या पाठीवरचा भाऊ मला नीटसा आठवतही नाही. हगवणीनं सुकलेला, आईच्या मांडीवर, कोल्हापूरच्या वाटेवर बैलगाडीत. तुम्ही त्याचं नाव घरात कधी काढलं नाही, आणि त्या दिवशी सगळ्या गावापुढं त्याच्याबद्दल बोललात.

तिथं तुम्ही जिंकला. ज्याला ऊस त्यानं द्यायचं, ज्याला रान नाही त्याला माफ. ग्रामसेवक ठराव वाचायला उठले. आणि आपल्या गावची ती रीत! ठराव पुरता वाचून होऊ द्यायचा नाही. पहिली 'मंजूर'ची आरोळी कुणाची, यावर गावात माणसाचं वजन ठरायचं, आणि ती नेहमी तुमची असायची. ठराव निम्म्यावर आला असेल-नसेल, तुमची आरोळी आली, "मंजूर!" मागून दीडदोनशे माणसं, "मंजूर, मंजूर!" देवळापुढं टोप्या उडाल्या असतील, शिट्ट्या तर आम्ही ऐकल्या. ग्रामसेवक मात्र त्या गलक्यातही तोंड माईकला लावून आपलं काम संपवावं तसे एकसुरी वाचत राहिले. देवळापुढं ते कुणाच्या कानावर गेलं नाही. चिंचेवरच्या कर्ण्यातून ते नीट आमच्या चुलीपर्यंत आलं. आईचा हात पिठात थांबला. "ऐकलीस?" तिनं मला विचारलं. मी मान हलवली.

तुम्ही जेवायला आला तेव्हा मिशीत हसत होता. ताट वाढून आई म्हणाली, "शेवटचं ऐकलासा न्हवं?"

"कसलं शेवटचं?"

"डाक्टर येस्तवर इमारत सोसायटीच्या ताब्यात ऱ्हानार. तिला काय पायजे ते त्यात करता येनार म्हनं. मी ऐकलो की हितनं."

"तू भाकरी बघ," तुम्ही म्हणाला. "सभंतलं तुला काय कळतंय?" मी तोंड उघडणार तेवढ्यात माझ्याकडं बोट आलं, "आनि तू गं? खर्डा आन इकडं." त्या दिवशी तुम्ही पोटभर जेवला आणि आई उपाशी झोपली. भाकरी संपल्या होत्या म्हणून नव्हे.

इमारत झाली. तुमच्याइतकं त्या भिंतींना पाणी कुणी मारलं नसेल. रानातून येताना वाकडी वाट करून जायचा, कट्ट्यावर बसायचा, आल्यागेल्याला सांगायचा, "हितं औषधाची खोली, हितं बाळंतिणीची खाट." दारावर लाल फुली रंगवली, पेढे वाटले. डॉक्टर नेमल्याचे कागद यायचे, डॉक्टर यायचा नाही. एक आला, राहायला जागा कुठं आहे म्हणून विचारलं, आणि आलेल्या एसटीनंच परत गेला. मग एका मिरगाच्या तोंडावर शेतकऱ्यांच्या सोसायटीचं खत आलं, ठेवायला जागा नाही, तात्पुरतं म्हणून औषधाच्या खोलीत थप्पी लागली. तुम्ही धावत गेला. सोसायटीचा सेक्रेटरी खुर्चीतून उठलाही नाही. त्यानं ते शेवटचं वाक्य तुम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवलं आणि वर म्हणाला, "आबा, तुमीच की पयलं मंजूर म्हनलासा." तुम्ही घरी आला आणि आईच्या समोर बसला. आईनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

आणि मग ती ऊसतोडणी. मी कोल्हापुरात मास्तरकीचं शिकत होते, सुट्टीला आले होते. भर दुपारी दोन गडी तुम्हाला उचलून घेऊन आले. पाचटात पाय पडला आणि घोणस डसली. मांडीपर्यंत पाय काळानिळा, आणि तुम्ही आम्हालाच ओरडत होता, "रडाय काय झालं? गाडी बघा!" गाडी कुठली? कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्यांनी रस्ता गच्च भरलेला. वडगावहून जीप मागवली होती. तोवर सावलीला म्हणून तुम्हाला त्या कट्ट्यावरच आडवं केलं, तुमच्याच दवाखान्याच्या, जिथं दवाखाना नव्हता. दार उघडं होतं, आतून युरियाचा वास येत होता, डोळे चुरचुरत होते. आई पदरानं वारा घालत होती. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदा खाली आला. तुम्ही तिला विचारलं, "त्या ठरावात शेवटाला काय हुतं गं?"

"काय न्हवतं," आई म्हणाली. "पडा गप."

जीप आली, पण तिच्यात घालायला तुम्ही उरला नव्हता.

मी तुमच्यावर चिडले, आबा. लोक बाप गेला म्हणून रडतात, मी दात आवळून बसले होते. एक इंजेक्शन त्या खोलीत असतं तर? एक वाक्य ऐकलं असतं तर? तेवढा वेळ तोंड मिटलं असतं तर? चुलीपुढची बाई सांगते आहे, तेव्हा तिचं कानावर घेतलं असतं तर? सगळा गाव तुम्हाला देवमाणूस म्हणत होता आणि मी मनात म्हणत होते, कसला देवमाणूस, आडमुठा माणूस! शाळेत मुलांना पहिली शिस्त हीच लावली, की पुढच्याचं पुरतं ऐकल्याशिवाय हात वर करायचा नाही. त्यांना कुठलं ठाऊक, बाई हे कुणाला सांगताहेत.

म्हणून परवा मी मुद्दाम गेले. गणपतीच्या मांडवाच्या जागेत सतरंज्या टाकल्या होत्या. वाद झाला, आरडाओरडा झाला, एका काकांनी दुसऱ्याची कॉलर धरली, सगळं तुमच्या वेळेसारखं. मग नगरसेवकांनी ठराव वाचायला घेतला आणि पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "मंजूर!" मी ताडकन उभी राहिले. माझा आवाज असा निघाला की मीच दचकले. अगदी तुमचा आवाज. म्हटलं, "थांबा. आधी शेवटपर्यंत वाचा. सगळ्यांनी ऐका, आणि मग काय ते म्हणा." थोडं हसू झालं. पण बाई म्हणून मान आहे, निम्म्या गल्लीची पोरं माझ्या हाताखालून गेलेली. त्यांनी वाचलं, सावकाश, एकेक शब्द. शेवटी असं होतं, की ज्याला पैसे देणं शक्य नाही त्यानं गरिबीचा दाखला आणावा, आणि तो आणेपर्यंत त्याच्या उपचाराची जबाबदारी दवाखान्यावर राहणार नाही. मी म्हटलं, "परत एकदा वाचा." त्यांनी परत वाचलं. मला वाटलं, आता. आता कुणीतरी उठेल.

नगरसेवक म्हणाले, "ऐकलं न्हवं सगळ्यांनी? मग करा हात वर." आणि हात वर झाले, आबा. गलका नाही, शिट्ट्या नाहीत. शांतपणे, ऐकून, समजून. माझ्या शेजारी आमच्या बोळातली भाकऱ्या करून देणारी मावशी बसली होती. तिच्या नातवाला दम्याचा त्रास, आठवड्यातून दोनदा त्याला कडेवर घेऊन ती त्या बाकावर बसलेली असते. तिचाही हात वर. मी तिचा पदर ओढला, म्हटलं, "मावशी, अहो, हे तुमच्यावरच आहे. ऐकलंत ना काय वाचलं ते?"

"ऐकलो की," ती म्हणाली, आणि हात खाली न घेता माझ्याकडं वाकली. "उद्या दाखला मागाय नगरसेवकाच्याच दारात जायाचं हाय न्हवं, बाई? मी एकटीनं हात खाली ठिवून कसं चालंल?"

मी खाली बसले. माझा हात मांडीवरच होता. तो वर गेला नाही आणि विरोधातही गेला नाही. तीसबत्तीस वर्षं मी पोरांना ऐकायला शिकवते आहे. ऐकल्यानं काय होतं, ते परवा बघितलं.

ही पानं आईला वाचून दाखवावीत, असं मघाशी मनात आलं होतं. ती गावाकडंच असते, थकली आहे, त्या दवाखान्याच्या कट्ट्यावरून जाताना अजून पदर नाकाला लावते. तिला अजून वाटतं, त्या दिवशी तुम्ही शेवटचं ऐकलं असतं तर वाचला असता. मी तिला काही सांगणार नाही, आणि ही पानंही चहाच्या डब्याखाली जातील. खरं सांगू का आबा, मलाही परत तसंच वाटायला हवं आहे. तुमच्यावर चिडले होते, तोवर मला बरं होतं.