मीच चढली

चांदा, मंगळवार, १२ मार्च १९५७

'मीच' या एका शब्दाने ठेकेदार सुटतोच कसा?

पुलाच्या परांचीवरून पडून मजूर सोमीबाईचा पाय गेला. आज भरपाईच्या दाव्यात तिच्या साक्षीत ठेकेदाराच्या वकिलाने हसत विचारलं, "तुले कोनी जबरदस्तीनं चढवलं का, बाई?"

"नाई जी, मीच चढली."

जबानीत लगेच उतरलं: स्वखुशीने. आमचे वकीलसाहेब फेरप्रश्न न विचारता खाली बसले. घरातली पहिली पदवीधर, त्यांची ज्युनिअर वकील मी, मीही बसूनच राहिले!

बाहेर मी तिला चिडून विचारलं, "मीच काऊन म्हटलं?"

"नाई चढली असती तं कामावर कोन ठेवलं असतं? पन हे तं कोनी इचारलंच नाई."

साहेब म्हणाले, "पोरी, साक्ष संपली." संपली? वकीलपत्रावर माझंही नाव आहे. तिला पुन्हा साक्षीला बोलावण्याचा अर्ज माझ्या सहीने देऊन आले. साहेब विचारतील, अर्ज कोणी दिला? मीच.