कोपरातलं नवं हाड

दि. १९ नोव्हें. १९५३. जंगल नाका.
डाव्या हातानं लिहून राह्यलो. अक्षर माहं मलेच वाचता येत नाई.
परवा सागतोडीच्या कूपात, तोडाच्या झाडाले सरकारी छापाचा हातोडा मारता मारता पाय घसरला. सगळा भार उजव्या हातावर. कोपर निखळून मागं आलं, बोटं पांढरी अन् थंडगार. नशीब, बुडा लालसू तिथंच होता. माडिया माणूस, हाडं बसवाचं काम त्याच्या घरात बापजाद्यापासून. त्यानं दोघा मजुरायले माहे खांदे धराले लावले अन् एकच झटका. मी आईच्या नावानं बोंबललो, कबूल. घटकाभरात बोटं लाल झाली. हात वाचला बाप्पा!
सरकारी डायरीत एवढंच: घसरून पडलो, काम बंद.

दि. २६ नोव्हें.
लालसू रोज दोन कोस चालत येते. मोहाच्या बियांचं तेल कोमट करते, चोळते, ओढते, वाकवते. मी किंचाळतो. "नाकेदार, वाघाले भेत नाई, तेलाले काऊन भेते गा?" सांजेले त्याचं पाहून माही बायको गिरजा चोळते. घरच्या बाईनं एवढं करावं, दिवसभराचं काम आटपून! अखडलं तर चोळा, जास्त अखडलं तर जास्त चोळा. इकडची रीतच आहे.

दि. ११ डिसें.
जास्त अखडला. म्हणून चोळणं वाढवलं. कोपराच्या वरच्या अंगाले, पुढून, काही तरी टणक लागते. लालसू म्हणे गाठ आहे, चोळून फोडू. गिरजा माह्या ओरडण्यानं रडते, अन् रडत रडत चोळते.

दि. २ जाने. १९५४
उजवा हात तोंडापर्यंत पोचत नाई. डाव्यानं जेवाले मन धजत नाई, तर गिरजा भरवते. चाळिशीच्या माणसाले बायकोनं घास द्यावा! लाज वाटते. खरं लिहू? बरंबी वाटते.
रेंजरसाहेब येऊन पाहून गेले. "हातोडा उचलता नाही आला तर जंगलात कसं ठेवू तुला?" म्हणाले, अन् लगेच चांद्याच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून लाकडाच्या ट्रकवर माही सोय केली. पाय धराचे राह्यले त्यांचे.

दि. ९ जाने. चांदा.
हाताचा फोटो काढला. डॉक्टरनं उजेडासमोर धरला. "हे बघा. मांसात हाड झालंय."
"तुटून तिथं गेलं का जी?"
"नाही. नवीन आहे. जिथं नसायला पाहिजे, तिथं."
मार लागलेलं मांस रगडलं, ओढलं, का आंग कधी कधी तिथं हाडच बनवाले लागते म्हणे. असं कधी आयकलं नोतं.
"कुणी चोळलं?" मी नाव लपवलं. तर म्हणाले, "ज्यानं बसवला त्यानं उत्तम बसवला, हात वाचवला तुमचा. नंतर तीन आठवडे गळ्यात बांधून सोडून द्यायचा होता. चोळायचं नाही. ओढायचं नाही."
आता कापता येत नाई, पुन्हा वाढन. वर्षभर थांबाचं, दुखणार नाई इतकंच आपल्या आपण हलवाचं. थोडं जिरन कदाचित. नाई जिरलं तर मग कापू.
"वाकन का पुरा?"
"सांगता येत नाही."
खोटा धीर नाई दिला. देव त्याचं भलं करो.

दि. १४ जाने.
घरी पोचलो तर लालसू तेल घेऊन हजर. "डॉक्टरनं तेल बंद सांगतलं, दादा." "काऊन?" "असंच." भेकड मी. बुडा तासभर बसला अन् गेला.
गिरजेले मात्र सारं सांगतलं. ती आपल्या तळहाताकडं पाहत राह्यली. "म्हणजे मीच..." म्हटलं, येडी का वो तू? तू नसती तर मी उपाशी मेलो असतो. तरी जेवली नाई.

दि. २० फेब्रु.
ठणका गेला. कोपर दोन बोटांइतकं जास्त वाकते, का मनाचा खेळ आहे. हातोडा अजून दूरच. पण झोप लागते. हेबी काही कमी नाई.

दि. ८ मार्च
लालसूची सून पाण्याचा गुंड घेऊन दरडीवरून पडली. उजवंच कोपर. बुड्यानं बसवलं, उद्यापासून चोळणार. असा निरोप आला. पहाटे निघतो.

दि. ९ मार्च
सांगतलं.
लालसूनं माहा हात मांडीवर घेतला, हाड चाचपलं. किती वेळ! मग एकेक नाव घेत बोटावर मोजाले लागला. कोणाकोणाचा हात बसवला, चोळला, अन् वाकला नाई. पाच झाले तेव्हा मी त्याची बोटं धरली.
"दादा, तू नसता तर माहा हातच सडला असता. डॉक्टर बी हेच म्हणे." हे तोंडदेखलं नाई, मनापासून बोललो.
सुनेचा हात गळ्यात बांधून बुडा म्हणे, "सून कण्हली का माहे हात आपोआप तिकडं जाते. तू इथी बसत जाय."

दि. १७ मार्च
एक दिवसाआड जातो. हजेरी लागते माही! गाववाले येतात, माहं हाड दाबून पाहतात. एका म्हातारीनं विंचू चावल्यावानी हात झटकला. सारे हसले, मी बी. लालसू त्यायले गोंडीत सांगते, चोळलं तर असं होते. आज सून कण्हली, बुडा उठला. मी नुसता खोकललो. बसला.

दि. २८ मार्च
उद्या तीन आठवडे. तिचा हात सोडाचा.
आज लालसूच्या ओट्यावरच मुक्काम आहे, दिवस आहे तंवर लिहून घेतो. सून आत मोहफुलं निवडते, डाव्या हातानं. बुडा मघाशी म्हणे, "नाई वाकला तर पोरीचं वाटोळं. अन् न चोळता वाकला, तर ते पाचही हात मीच बिघडवले."
मग तो उठला, पेनाच्या, म्हणजे त्यांच्या देवाच्या, दगडासमोर जाऊन बसला. परत आल्यावर विचारलं, काय मागतलं दादा?
"वाकू दे."