अकरा नंबरच्या खोलीतली जाळी

६ ऑगस्ट, मंगळवार

पाचवी बैठक. हाती भोपळा.

समोरासमोर बसलो जेमतेम वीस मिनिटं, मग नेहमीसारखं ते आपल्या खोलीत, आम्ही आमच्या. शिक्षक बारा नंबरमध्ये, शाळा मंडळ अकरा नंबरमध्ये. मंडळ म्हणजे मी आणि शहरातून आणलेला वकील, ब्रँट कियो. मधून सरकारी मध्यस्थ फेऱ्या मारतो, कबुतरासारखा. इकडची चिठ्ठी तिकडे.

पगारवाढीचं जमेल. अडलंय विम्यावर. मंडळाचं म्हणणं – शिक्षकाचा नवरा किंवा बायको दुसरीकडे नोकरीला असेल आणि तिथे विमा मिळत असेल, तर ती व्यक्ती शाळेच्या विम्यातून बाहेर. कसलाही का असेना तो विमा.

शिक्षकांच्या बाजूने बोलतात टेस्के बाई. याच अकरा नंबरच्या खोलीत मी त्यांच्या हाताखाली सहावी काढली. निम्मं वर्ष कोपऱ्यात उभा होतो. आता समोर बसून त्यांना 'नाही' म्हणायचं. चाळीस वर्षं झाली, अजून त्यांच्यासमोर मी खुर्चीत सरळ होऊन बसतो!

८ ऑगस्ट, गुरुवार

मंडळाने बोलणी करायला मला का निवडलं, ते मला पक्कं ठाऊक आहे. सतराव्या वर्षापासून लोकांच्या तळघरांत रांगलो. घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या, गरम हवा खोल्यांत नेणारे पत्र्याचे डक्ट साफ केले. आज माझ्या नावाच्या नऊ गाड्या गावात फिरतात. लोकांना वाटतं, याला घासाघीस कळते. कळतेच. पण घासाघिशीत दोघांकडे देण्यासारखं काहीतरी लागतं. इथे कुणाकडेच काही नाही. शाळा-जिल्ह्याची तिजोरी कोरडी, शिक्षकांचा धीर संपलेला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

एक कबुली. इथेच देतो, दुसरीकडे देण्यासारखी नाही.

अकरा आणि बारा नंबरच्या खोल्यांना एकच डक्ट आहे. जमिनीलगत जाळी. ऑगस्टात पंखा बंद, त्यामुळे तिकडचा शब्दन् शब्द इकडे येतो – कान लावायचीही गरज नाही, नुसतं त्या खुर्चीत बसायचं. धंद्यातली गोष्ट आहे, दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही. ब्रँटच्याही नाही. तो निम्मा वेळ बाहेर गाडीत बसून फोन करतो, आणि खोलीत असला की मी घसा बसलाय म्हणून सगळं पिवळ्या कागदावर लिहून दाखवतो. म्हणजे इकडचं तिकडे जायला नको.

आज तिकडे ब्रँटच्या बुटांची चेष्टा चालली होती. एक तरुण मास्तर म्हणाला, बुटाला एवढी चकाकी आहे की त्यात आपला पगार दिसतो – पण वाकून बघावं लागतं. मला हसू आवरेना. ब्रँटला वाटलं खोकला.

नोरीनला घरी सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "उद्या जाऊन त्या जाळीवर तुझा कोट टाक." बायको आहे, तिला माझी पारख आहे.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

संपाचं मतदान झालं. बाजूने जवळजवळ सगळे. कायद्याप्रमाणे दहा दिवसांची नोटीस. मंगळवार सत्तावीसपासून रस्त्यावर.

१७ ऑगस्ट, शनिवार

सकाळी नाश्त्याला डिकच्या हॉटेलात गेलो. डिकने अंडी आणून आपटली आणि विचारलं की तीस तारखेची मॅच होणार की नाही. त्याचा नातू संघात आहे. मी म्हटलं, अरे, शाळाच बंद पडतेय. तर म्हणतो, "शाळेचं काय ते तुम्ही बघा. फुटबॉल बुडला तर तुझ्या भट्टीत तुलाच घालतील लोक."

मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, शिक्षकांना उन्हाळाभर सुट्टी, वर संप. त्याच्या पलीकडचा म्हणाला, मग तू शिकव की एक दिवस माझ्या पोराला, संध्याकाळपर्यंत टिकलास तर जेवण माझ्याकडून. सगळे हसले. मीही हसलो. अंडी गार झाली.

या गावात कुणाचं कुणावाचून अडत नाही असं सगळ्यांना वाटतं. मला सत्तावीस तारीख दिसते. नंतरचं काही दिसत नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

बैठक. काही नाही. कोट घरीच विसरलो. (विसरलो नाही.)

२५ ऑगस्ट, रविवार

मंडळाची तातडीची सभा झाली. शेवटी ठरलं – संप नको. उद्या विम्याचं कलम रेटून बघायचं, जमलं तर जमलं, नाहीतर सोडून द्यायचं. केव्हा सोडायचं ते मी ठरवायचं. "तुला अंदाज येतो, आर्लो," अध्यक्ष म्हणाले.

म्हणजे उद्या हरायचं आहे, पण नीट हरायचं. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

२६ ऑगस्ट, सोमवार

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी तीन. आम्ही विम्याचं कलम पुन्हा पुढे केलं, ते आपल्या खोलीत गेले. ब्रँट गाडीत. मी माझ्या खुर्चीत.

बराच वेळ तिकडे गलका. मग टेस्के बाईंचा आवाज. शुद्धलेखन घालताना बोलायच्या तसा – सावकाश, एकेक शब्द सुटा.

"विम्याचं कलम माझ्यापायी अडलंय, हे तुम्हाला माहीत नाही. जीनला रक्ताचा कर्करोग आहे. मार्चपासून. त्याचं औषध आपल्या विम्यातून मिळतं. तो धान्याच्या कोठारावर कामाला आहे, तिथला विमा ते औषध देत नाही. मी चौकशी केली आहे. दोनदा."

कुणीतरी रडायला लागलं. मग पुढे –

"पण एका माणसासाठी मी एकशे चाळीस जणांना रस्त्यावर उभं करणार नाही. त्यांनी आणखी एकदा रेटलं, तर आपण सोडायचं. नाही रेटलं, तर देवाची दया."



जीन टेस्केला, बाईंच्या नवऱ्याला, मी ओळखतो. माझी पहिली गाडी मी त्याच्याकडून घेतली होती.

ब्रँट आत आला. चेहरा पडलेला. हळूच म्हणाला, "सोडून देऊ या का? घरी तरी जाऊ." त्याचं बरोबर होतं. कालच तसं ठरलं होतं. मी नुसती मान हलवायची होती.

मी पिवळा कागद ओढला आणि लिहिलं – आणखी एकदा रेट. सोडतील.

का लिहिलं? हात चालला. तीस वर्षं हेच केलं – समोरच्याचा शेवटचा आकडा कळला की त्याच्या एक पैसाही वर जायचं नाही. विचार नंतर येतो.

ब्रँटने रेटलं. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी सोडलं.

आमच्यात रीत अशी – कलम ठरलं की त्या पानावर दोन्ही बाजूंनी आद्याक्षरं करायची. आद्याक्षरं झाली की पान बंद, पुढच्या करारापर्यंत, तीन वर्षं. बाईंनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. वर्गात प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट बघायच्या, तशा. मी कागद सारखे करत होतो. मग त्यांनी अक्षरं केली.

बाहेर ब्रँटने विचारलं, तुला कसं कळलं रे? मी म्हटलं, "भट्टीवाल्याला कळतं, हवा कुठून गळते ते." तो मोठ्याने हसला. चांगला माणूस आहे.

२७ ऑगस्ट, मंगळवार

संप टळला. डिकने अंड्यांचे पैसे घेतले नाहीत.

नोरीनने सगळं ऐकून घेतलं. माझं ताट वाढलं आणि स्वतः अंगणात जाऊन बसली.

३० ऑगस्ट, शुक्रवार

मॅच झाली. जिंकलो. जीन टेस्के कुंपणाशी उभा होता, टोपी घालून. पूर्वीचा माणूसच राहिला नाही. मला बघून हात केला.

४ सप्टेंबर, बुधवार

ब्रँटला फोन केला. म्हटलं, त्या कलमाला एक ओळ जोडू – जे आधीपासून आजारी आहेत त्यांना वगळा. सव्वीसला सुचवली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. तेव्हा का नाही सुचली?

तो म्हणाला, आद्याक्षरं झालेलं पान मी उघडत नसतो. एक पान उघडलं की चाळीसही उघडतात, संप पुन्हा दारात. मग – "आणि आर्लो, तिथे कुणी आजारी आहे हे तुला कुणी सांगितलं?"

मी फोन ठेवला.

११ सप्टेंबर, बुधवार

सकाळी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. ब्रँटचंच उत्तर, जरा गोड शब्दांत. कोठाराच्या मालकाकडे गेलो. तो म्हणाला, विमा आहे तो असा आहे, आर्लो. नव्या विम्याची तारीख एक ऑक्टोबर. वीस दिवस.

माझ्याकडे नऊ गाड्या आहेत. एकीचाही उपयोग नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

अकरा नंबरच्या जाळीवर पत्रा मारायला गेलो. गुडघ्यावर बसून स्क्रू आवळत होतो, तेवढ्यात पलीकडून, जाळीतूनच, टेस्के बाईंचा आवाज आला. शनिवारीही वह्या तपासत बसल्या होत्या.

"आर्लो, आता कशाला मारतोस पत्रा? सहावीत मी तुला तिथेच उभं करायचे. इथलं सगळं ऐकू येतं हे तूच मला सांगितलं होतंस."

मग सावकाश, एकेक शब्द सुटा –

"त्या दिवशी मी माझ्या लोकांशी बोलत नव्हते."